डोंगराला छप्पर

दक्षिण नॉर्वेच्या किनाऱ्यावर ग्रिमस्टाड नावाचं गाव आहे. तिथून थोडं आत, रिसडाल्सहेयाच्या खडकाळ माळावर, 1984 साली काही शास्त्रज्ञांनी जंगलाच्या एका तुकड्यावर छप्पर घातलं. तुकडा लहानसा, 860 चौरस मीटरांचा. आपल्या हिशेबात साडेआठ गुंठे. पाइन आणि बर्चची खुरटी झाडं, मधूनमधून उघडा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर. झाडांना ऊन मिळावं म्हणून छप्पर पारदर्शक होतं. पाऊस छपरावर पडायचा आणि पन्हाळीतून वाहत जाऊन गोळा व्हायचा. त्या पाण्यातलं आम्ल आणि क्षार काढून टाकले जायचे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे तिथल्या पावसात जेवढं मीठ एरवीही असतं, तेवढं पुन्हा मिसळलं जायचं. मग तेच पाणी छपराखालच्या नळ्यांमधून तुषारांसारखं झाडांवर आणि मातीवर शिंपडायचं. हिवाळ्यात त्याच स्वच्छ पाण्याचा यंत्राने बर्फ करून तो पसरायचा.

या तुकड्याचं नाव होतं किम. शेजारी एगिल नावाचा दुसरा तुकडा होता, 400 चौरस मीटरांचा. त्याच्यावरही तसंच छप्पर होतं, पण त्याच्याखाली गोळा केलेला आम्लधर्मी पाऊस जसाच्या तसा शिंपडला जायचा. तिसरा तुकडा रोल्फ. त्याला छप्परच नव्हतं. तो आपला उघड्या आभाळाखाली. एगिलवरचं छप्पर पाहणाऱ्याला वेडेपणाच वाटेल. पाऊस अडवायचा आणि तोच पुन्हा पाडायचा, मग अडवायचा कशाला? पण किमच्या ओढ्यात उद्या काही फरक दिसला, तर तो स्वच्छ पावसाने पडला की नुसत्या छपराच्या सावलीने आणि उबेने, हे एगिलशिवाय कळलंच नसतं. हे दुसरं छप्पर ज्याच्या डोक्यात आलं, त्याला माझा नमस्कार.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

कोळशाच्या धुराने पाऊस आंबट होतो, हे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने मँचेस्टरमध्ये 1852 सालीच दाखवलं होतं. पुढे 1872च्या आपल्या पुस्तकात त्याने ‘आम्लवर्षा’ हा शब्दही वापरला. मग जवळजवळ शंभर वर्षं त्याची कुणाला फारशी आठवण झाली नाही. 1967 साली स्वीडनच्या स्वान्ते ओडेन या मृदाशास्त्रज्ञाने ‘दागेन्स न्युहेतर’ या दैनिकात लिहिलं, की दुसऱ्या देशांच्या धुराड्यांतलं गंधक आमच्या तळ्यांमध्ये पडतं आहे. तिथून गदारोळ सुरू झाला. 1972च्या स्टॉकहोम परिषदेत स्वीडनने हा विषय जगापुढे मांडला. नॉर्वेतल्या तोव्दाल नदीत 1975च्या वसंतात बर्फ वितळू लागला आणि ट्राउट मासे मेलेले सापडले. हिवाळाभर बर्फात साठलेलं आम्ल थोड्या दिवसांत नदीत उतरलं होतं.

तरी वाद मिटला नाही. ओस्लो विद्यापीठातले भूविज्ञानाचे प्राध्यापक इवान रोसेनक्विस्ट म्हणत, की पावसाला उगाच दोष देऊ नका. डोंगरातली गुरं गेली, कुरणं ओस पडली, तिथे झाडोरा वाढला, पालापाचोळ्याचा थर जाड झाला, त्यामुळे माती आपोआप आंबली आणि पाणी त्या मातीतूनच येतं. हे म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. जंगलातली माती आम्ल तयार करते, हे रसायनशास्त्राला मान्यच आहे. धुराड्यांच्या मालकांना ते ऐकायला गोड वाटलं, हा रोसेनक्विस्ट यांचा दोष नव्हे. किमवरच्या छपराने नेमका हाच प्रश्न विचारला होता. माती तीच, झाडं तीच, पाचोळा तोच. फक्त पाऊस बदलला, तर ओढा बदलतो का?

ओढा बदलला. नायट्रेट लगेच उतरलं. सल्फेट हळूहळू उतरलं, कारण मातीत आधी साठलेलं सल्फेट बाहेर पडायला वेळ लागला. पण पाण्याचा सामू मात्र फारसा वर सरकला नाही. या अडलेल्या सामूकडे पुन्हा यावं लागेल. अनेकांना त्याचं महत्त्व बऱ्याच उशिरा कळलं.

दरम्यान अटलांटिकच्या पलीकडे, व्हर्जिनिया विद्यापीठात, आणखी एक डोंगर तयार होत होता, संगणकाच्या आत. जॅक कॉस्बी, जॉर्ज हॉर्नबर्गर आणि जेम्स गॅलोवे हे तिघे शेनँडोह राष्ट्रीय उद्यानातल्या व्हाइट ओक रन नावाच्या ओढ्यावर काम करत होते. नॉर्वेच्या जलसंशोधन संस्थेतले रिचर्ड राइट त्यांना येऊन मिळाले. रिसडाल्सहेयाच्या छपरांमागेही मुख्य माणूस हेच राइट. 1985 साली या चौघांनी आपलं मॉडेल प्रसिद्ध केलं. पाणलोटातल्या भूजलाच्या आम्लीकरणाचं मॉडेल, असं त्याचं लांबलचक इंग्रजी नाव. त्यातल्या शब्दांची आद्याक्षरं जुळवली की होतं ‘मॅजिक’. शास्त्रज्ञांना अशा आद्याक्षरांचा भारी सोस असतो. या वेळी मात्र नाव थोडं अंगाशी येणारं होतं, कारण विरोधकांना टोमणा आयता मिळाला.

मॉडेलमध्ये जादू काहीच नव्हती. हिशेब होता, आणि तो कणगीचा होता. मातीच्या कणांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम चिकटून असतात. खडक झिजतो तसतशी ही कणगी हळूहळू भरत जाते. पावसातून सल्फेट येतं आणि मातीतून वाहून जाताना एकटं जात नाही. त्याच्या विजेच्या भाराचा समतोल राखायला कुणीतरी सोबत लागतं. कणगी भरलेली असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत जातात आणि ओढ्याला काही होत नाही. कणगी रिकामी होत आली की सोबतीला निघतात हायड्रोजन आणि अॅल्युमिनियम. पाणी आंबतं आणि अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसतं. खडक किती वेगाने झिजतो, कणगी किती मोठी, पाऊस किती आंबट आणि माती सल्फेट किती धरून ठेवते: चार आकडे कळले की पन्नास वर्षांनंतरचा ओढा कागदावर काढता येतो.

(आपल्याकडे ही कणगी वरूनही भरते. भारतातल्या बऱ्याच ठिकाणचा पाऊस मुळीच आम्लधर्मी नसतो, कारण मातीच्या धुळीतलं कॅल्शियम आम्लाला आकाशातच मारून टाकतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे पावसाच्या नमुन्यांतून दाखवलं. चेंबूरसारखा कारखानी पट्टा त्याला अपवाद. दख्खनच्या काळ्या खडकातही कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर आहे. नॉर्वेच्या ग्रॅनाइटला ही चैन परवडत नाही.)

मॅजिकची खरी हिंमत त्याच्या साधेपणात होती. अख्ख्या डोंगराची माती म्हणजे एक डबा, फार तर दोन. उतारावरची उथळ माती, खालची चिखलट माती, झाडाखालची, खडकाच्या फटीतली, सगळ्यांची सरासरी. ज्याने कधी शेतात कुदळ मारली आहे, त्याला हे ऐकून हसू येईल. एकाच बांधाच्या दोन बाजूंची माती सारखी नसते.

याच्या अगदी उलटा रस्ता न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिराँडॅक डोंगरांत काहींनी धरला होता. तिथे वुड्स, पँथर आणि सागामोर ही तीन तळी एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि तिन्हींवर पाऊसही जवळजवळ सारखाच. तरी वुड्सचं पाणी आंबट, सामू पाचाच्या खाली. पँथरचा सातच्या आसपास. सागामोर मध्ये कुठेतरी. वीज कंपन्यांच्या संशोधन संस्थेच्या पैशांतून या तळ्यांवर मोठा अभ्यास झाला. उत्तर तळ्यात सापडलं नाही, ते जमिनीखाली सापडलं. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेला दगडगोट्यांचा आणि मातीचा थर पँथरच्या पाणलोटात वीस मीटरांहून जाड होता आणि वुड्सच्या पाणलोटात तो दोन-तीन मीटरांवर आटोपत होता. पँथरला जाणारं पाणी जाड थरात मुरून, खडकाशी बोलत बोलत खाली उतरायचं. वुड्सकडे जाणारं पाणी वरच्यावर धावत तळं गाठायचं. या अभ्यासातून जे मॉडेल निघालं, ते मॅजिकच्या मानाने अवाढव्य होतं. दररोजचा हिशेब, मातीचे अनेक थर, झाडांची पानगळ, बर्फाचं वितळणं, सगळं त्यात. त्याला माहिती भरवता भरवता माणूस थकून जायचा.

आता अमेरिकेतलं राजकारण. 1980च्या कायद्याने तिथे आम्लवर्षेच्या अभ्यासाचा दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यावर पुढे 50 कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. रेगन यांच्या काळात सरकारचं पालुपद एकच होतं: आधी आणखी संशोधन, मग बघू. शास्त्रज्ञांना यात पैसे मिळाले हे खरं. पण आपला अभ्यास कुणाला तरी वेळकाढूपणासाठी हवा आहे, ही जाणीवही त्यांच्यातल्या कित्येकांना होती. 1987 साली आलेल्या अंतरिम अहवालावर इतकी टीका झाली, की कार्यक्रमाचे संचालक लॉरेन्स कल्प यांना पद सोडावं लागलं.

याच काळात पर्यावरण संरक्षण संस्थेने एक व्यवहारी प्रश्न विचारला. गंधक आत्ता आहे तसंच पडत राहिलं, तर कोणती तळी लगेच आंबतील आणि कोणती पन्नास वर्षांनी? दक्षिणेकडे हिमनद्या कधी पोहोचल्या नव्हत्या. तिथली माती जुनी, तांबडी, लोहयुक्त; ती सल्फेट धरून ठेवते. त्यामुळे तिथले ओढे आज चांगले दिसतात, पण मातीची ती क्षमता भरली की एकदम आंबतील, अशी भीती होती. ईशान्येतले 145 पाणलोट आणि दक्षिण ब्लू रिज भागातले 35 पाणलोट निवडून त्यांच्यावर तीन मॉडेलं चालवली गेली. त्यांत मॅजिक होतं आणि ते अवाढव्य मॉडेलही. 1989 साली निकाल आले. छान नकाशे, छान आलेख, पन्नास वर्षांचं भाकीत.

इथे प्रश्न उभा राहतो, आणि या लेखाचा जीव त्यातच आहे. पन्नास वर्षांचं भाकीत बरोबर आहे का, हे बघायला पन्नास वर्षं थांबायचं का?

मॉडेलवाल्यांची नेहमीची रीत अशी, की दहा वर्षांच्या नोंदी असतील तर पहिल्या पाच वर्षांवर मॉडेल जुळवून घ्यायचं आणि पुढची पाच वर्षं ते ओळखतं का ते बघायचं. ओळखतंच. पहिल्या पाच वर्षांत ओढा जसा होता, तसाच तो पुढच्या पाच वर्षांत असतो. काल ऊन होतं म्हणून आज ऊन असेल, असं सांगणाऱ्या ज्योतिषाला आपण दक्षिणा देत नाही. कॅलिफोर्नियातले जेम्स कर्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली ‘पर्यावरण मॉडेलं तपासणं’ याच विषयावर लिहिताना हीच गोष्ट ठणकावून मांडली. परीक्षा अशी हवी, की मॉडेल चुकीचं असेल तर ते नापास होण्याची खरी शक्यता असेल.

दुसरी अडचण घुंड्यांची. नॉर्वेतला बिर्केनेस हा ओढा मॉडेलवाल्यांचा जुना आवडता. निल्स क्रिस्तोफरसेन, हान्स मार्टिन सायप आणि राइट यांनी 1982 साली त्याचं एक सुटसुटीत मॉडेल केलं. वर एक टाकी, खाली एक टाकी, दोन्हींतून पाणी ओढ्यात येतं. निकाल सुंदर जुळला. मग 1988 साली रिचर्ड हूपर आणि मंडळींनी ते कसोटीवर घासून बघितलं. दिसलं असं, की मॉडेलमध्ये फिरवता येण्याजोग्या घुंड्या इतक्या होत्या, की त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवूनही उत्तर तितकंच सुंदर जुळत होतं. मग डोंगरात आत नेमकं काय चाललंय, हे मॉडेलला खरोखर कळलं होतं की ते नुसतं ओढ्याची नक्कल करत होतं? दोन वर्षांनी क्रिस्तोफरसेन आणि हूपर, ब्रिटनमधल्या कॉलिन नील यांच्याबरोबर, अगदी वेगळ्या वाटेने गेले. आधी मातीत जाऊन वेगवेगळ्या थरांतलं पाणी गोळा करा, मग ओढ्याचं पाणी हे त्यांचं मिश्रण म्हणून समजून घ्या. घुंड्यांऐवजी बाटल्या. आपलंच लेकरू तपासून त्यातला दोष जाहीर करण्याचा हा मोठेपणा विज्ञानात वाटतो तितका सर्रास आढळत नाही.

तेव्हा डोंगराला ढकलून बघणं, एवढाच मार्ग उरला. नॉर्वेच्या छपरांनी एका दिशेने ढकललं होतं: पाऊस स्वच्छ करून. त्याच प्रकल्पात पश्चिमेकडच्या सोगनदालच्या निर्मळ डोंगरात उलटं करून पाहिलं: एका तुकड्यावर गंधकाम्ल टाकलं, दुसऱ्यावर गंधकाम्ल आणि नत्राम्ल मिळून. 1990 साली राइट, कॉस्बी आणि सहकाऱ्यांनी या नोंदींशी मॅजिकची तुलना ‘नेचर’मध्ये मांडली. बदलांची दिशा आणि साधारण आकार मॉडेलने बरोबर ओळखला होता. वीतभर मातीच्या सरासरी डब्यासाठी हे थोडंथोडकं यश नव्हतं.

मेन राज्यात, लेड माउंटनच्या उतारावर, अमेरिकेने आपली परीक्षा मांडली. ईस्ट बेअर आणि वेस्ट बेअर हे जुळे ओढे, प्रत्येकाचा पाणलोट दहा-अकरा हेक्टरांचा. 1987पासून दोघांच्या नोंदी सुरू होत्या. 1989च्या नोव्हेंबरपासून वेस्ट बेअरवर दर दोन महिन्यांनी हेलिकॉप्टरमधून कोरडं अमोनियम सल्फेट फेकायला सुरुवात झाली. ईस्ट बेअर तसाच ठेवला. हा उद्योग चालवणाऱ्यांत मेन विद्यापीठाचे स्टीफन नॉर्टन, स्टीव्ह काल आणि आयव्हन फर्नांडिस होते. हेतू उघड होता: त्या 145 पाणलोटांचं भविष्य सांगणाऱ्या मॉडेलांची परीक्षा घेणं.

अमोनियम सल्फेट म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं खत. वेस्ट बेअरला वर्षाकाठी हेक्टरी 25 किलो नत्र आणि 29 किलोच्या आसपास गंधक मिळत होतं. आपला ऊस त्याच्या दसपट नत्र सहज खातो आणि वर आणखी मागतो. पण हे जंगल होतं, आणि जंगल गरिबीत जगतं. त्याला नत्राची कायम टंचाई असते. जे पडेल ते झाडं आणि सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. निदान सगळ्यांचा समज तरी असा होता. मॉडेलांमध्ये नत्राचा हिशेबच जवळपास नव्हता, कारण सगळं लक्ष गंधकावर होतं.

वेस्ट बेअरने पहिला धक्का इथेच दिला. सल्फेट अपेक्षेप्रमाणे हळूहळू वाढलं, कारण मातीने बराच भाग धरून ठेवला. नायट्रेट मात्र सुरुवातीपासूनच ओढ्यात येऊ लागलं. बहुतेक नत्र जंगलाने खाल्लं हे खरं, पण पाझर ताबडतोब सुरू झाला आणि आम्लाबरोबर तोही कणगी उपसू लागला. कॅल्शियमने मात्र मॉडेलची लाज राखली. आधी ते ओढ्यात वाढत गेलं, मग शिखरावर पोहोचलं आणि उतरू लागलं. पाऊस तितकाच आंबट असताना कॅल्शियम कमी होतं, याचा अर्थ कणगीचा तळ दिसू लागला आहे. मॉडेलच्या कागदावर हीच चाल लिहिलेली होती, आणि ती हेलिकॉप्टरच्या खताने खऱ्या डोंगरात घडताना पाहायला मिळाली. नत्राचा हिशेब मॅजिकमध्ये नीट बसायला मात्र 2001 उजाडलं.

तिसरी परीक्षा सर्वांत गमतीची, कारण तिचे परीक्षक होते तळ्याच्या गाळातले काचेचे जीव. डायटम हे एकपेशीय शैवाल सिलिकाचं कवच बांधतं, आणि मेल्यावर ते कवच गाळात टिकून राहतं. कोणत्या जातीला किती आंबट पाणी मानवतं, हे ठरलेलं असतं. ही वर्गवारी फ्रीडरिश हुस्टेट या जर्मन अभ्यासकाने 1930च्या दशकात केली, तीही जावा, बाली आणि सुमात्रा इथल्या डायटमांवरून. विषुववृत्तावरच्या तळ्यांतलं ज्ञान पुढे स्कॉटलंडच्या थंड पाण्यात कामाला आलं. गाळाचा उभा नळा काढायचा, शिशाच्या किरणोत्सर्गी अणूंवरून थरांची वयं ठरवायची आणि प्रत्येक थरात कोणते डायटम आहेत ते मोजायचं, की झाला त्या त्या वर्षीचा सामू.

लंडनचे रिक बॅटरबी आणि रॉजर फ्लॉवर यांनी स्कॉटलंडच्या गॅलोवे भागातल्या राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तळ्याचा असा इतिहास वाचला. 1850च्या सुमारास सामू साधारण साडेपाच. 1980पर्यंत तो पाचाच्या खाली गेला होता. या तळ्याभोवती नवी लागवड झालेली नव्हती. म्हणजे रोसेनक्विस्ट यांच्या झाडोऱ्यावर खापर फोडायलाही जागा नव्हती.

मॅजिक पुढे पाहायचं, तसंच मागेही. धुराचा जुना इतिहास अंदाजाने भरला, की ते औद्योगिक काळापूर्वीचं पाणी सांगायचं. मग त्याचं भूत आणि डायटमांचं भूत समोरासमोर ठेवता यायचं. राउंड लॉखमध्ये दोघांचं बऱ्यापैकी पटलं. अॅडिराँडॅकच्या तळ्यांत मात्र पटेना. मॉडेल म्हणे, धुराड्यांच्या आधी ही तळी छान गोड होती. डायटम म्हणत, छे, तेव्हाही ती थोडी आंबटच होती. टिमोथी सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी या तफावतीचा माग काढला. मॉडेलने एक गोष्ट धरलीच नव्हती: पाचोळ्यातून झिरपणारी सेंद्रिय आम्लं, ज्यांच्यामुळे डोंगरातलं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं. ती हिशेबात धरल्यावर मॉडेलचं भूत खाली सरकलं आणि डायटमांच्या जवळ आलं.

आता किमच्या छपराखालच्या त्या अडलेल्या सामूकडे परत जाऊ. पावसातलं जोरदार आम्ल गेलं, पण मातीतली सेंद्रिय आम्लं तिथेच होती. एरवी जोरदार आम्लाने दाबून ठेवलेली ती आम्लं आता सैल सुटून आपले हायड्रोजन पाण्यात सोडू लागली, आणि सामू फारसा चढला नाही. रोसेनक्विस्ट यांचं म्हणणं सगळंच टाकाऊ नव्हतं, असं मला म्हणावंसं वाटतं. धुराड्यांना निर्दोष ठरवण्यात ते चुकले. पण पाचोळ्याला हिशेबातून वगळू नका, एवढं तरी त्यांच्याकडून वेळीच ऐकायला हवं होतं.

या सगळ्याचा कायद्यावर किती परिणाम झाला? प्रामाणिकपणे सांगायचं तर, अमेरिकेत फारच थोडा. 1990च्या नोव्हेंबरात थोरल्या बुश यांनी स्वच्छ हवेच्या दुरुस्त कायद्यावर सही केली. गंधक वायूचं प्रमाण 1980च्या तुलनेत एक कोटी टनांनी उतरवायचं ठरलं. दहा वर्षांच्या त्या महागड्या कार्यक्रमाचे अंतिम खंड कायद्याच्या मागून आले. वेस्ट बेअरवर खत पडायला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. युरोपात गोष्ट थोडी वेगळी. तिथे ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबुर्गच्या संस्थेत गंधक कमी करण्याच्या खर्चाचा आणि निसर्ग किती आम्ल सोसू शकतो याचा हिशेब एकाच मॉडेलमध्ये घातला गेला होता आणि 1994च्या ओस्लो करारात देशांनी त्याच आकड्यांवर घासाघीस केली.

मग सर्वांत मोठी परीक्षा आपोआप सुरू झाली. धुराड्यांना गाळण्या लागल्या, सल्फेट खरोखरच उतरलं आणि अख्खा युरोप आणि ईशान्य अमेरिका म्हणजे छपराखालचा एक विस्तीर्ण किम झाला. स्वीडनच्या गोर्दशेनजवळ 1991पासून 6300 चौरस मीटर जंगलावर छप्पर घालून हेच बघितलं जात होतं. आता छपराची गरजच उरली नाही. सल्फेट उतरलं तसे ओढे हळूहळू सावरू लागले. न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात, जिथे जीन लायकेन्स आणि हर्बर्ट बोर्मान 1963पासून पाऊस मोजत आले होते, तिथून 1996 साली कळवलं गेलं, की सावरण्याचा वेग अपेक्षेहून मंद आहे, कारण कणगी बरीच रिकामी झाली आहे आणि खडक घाई करत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक तळ्यांचं पाणी 1990नंतर तपकिरी होत गेलं. आधी लोकांना वाटलं हवामान बदललं, मग वाटलं आणखी काही. 2007 साली ‘नेचर’मध्ये डॉन माँटीथ आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने पाचशेहून अधिक ठिकाणच्या नोंदी मांडून दाखवलं, की गंधक उतरलं की मातीतली सेंद्रिय द्रव्यं पाण्यात अधिक विरघळतात. आम्लाने ती इतकी वर्षं मातीत दाबून ठेवली होती. आंबट झालेली तळी काचेसारखी नितळ दिसत, पर्यटक त्यांचे फोटो काढत. ती नितळताच आजाराची खूण होती.

रिसडाल्सहेयाच्या छपरांना 1990च्या दशकात दुसरं काम मिळालं. बाजू बंद केल्या, आत कार्बन डायऑक्साइड सोडला, हवा तापवली आणि उद्याच्या उबदार जगात हाच डोंगर कसा वागेल, ते विचारायला सुरुवात झाली. वेस्ट बेअरवर हेलिकॉप्टर 2016पर्यंत येत राहिलं. परीक्षा ज्या मॉडेलांसाठी मांडली होती, त्यांची तोवर नवी रूपं निघाली होती. खत थांबलं, दोन्ही ओढ्यांवरच्या बांधांपाशी बाटल्या भरणं मात्र त्यानंतरही चालू राहिलं.